कारण एका ओळीत लिहावे

२ सप्टेंबर

वर्गात सगळ्यांत पुढच्या बाकावर बसले. हुशारीमुळे नव्हे, मागून फळा दिसत नाही म्हणून. पुढून फळा दिसतो, पण वहीतलं आपलंच अक्षर पुसट दिसतं. त्रेचाळिसाव्या वर्षी एमए करणाऱ्यांसाठी अधलामधला बाक विद्यापीठाने ठेवलेला नाही. शेजारच्या मुलीने फार अदबीने विचारलं, "आंटी, आप किसकू छोडने आए?" मी म्हटलं, "मेरेकूच."

इतिहास, पहिलं सत्र. बीए होऊन एकवीस वर्षं झाली. तेव्हाही एमएला नाव घातलं होतं, तिसऱ्या महिन्यात लग्न ठरलं. सासरचे पुढे शिकवणार असं बोलण्यात ठरलं होतं म्हणे. मग नल्लकुंट्याला सासरी आले आणि ते बोलणं दोन्हीकडचे लोक विसरले. मीही विसरले, हे कबूल करायला हवं. उगाच दुसऱ्यांवर कशाला ढकला?

या वेळी फॉर्म युवराजनी स्वतः भरला. (वहीत नावाने लिहिते, तोंडावर अजून 'अहो'च.) आबिड्सच्या त्यांच्या ऑफिसात सगळ्यांना सांगून झालं, "आमच्या मॅडम एमए करतायत." आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, निघताना हातावर साखर ठेवली. तन्वी म्हणाली, "मम्मी, सो कूल!" असं घर मिळायला भाग्य लागतं. आता मी नापास झाले तर खापर फोडायला माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

वर्गात माझ्या वयाची आणखी एकच. मीना, बरकतपुऱ्याची, दोन मुलांची आई, बोलायला माझ्या दुप्पट. तास सुटल्यावर म्हणाली, "जयवंता, आपण दोघी एकत्र पडू नाहीतर एकत्र पास होऊ." मी लगेच हो म्हटलं. मला कशालाही लगेच हो म्हणता येतं.

६ सप्टेंबर

साडेनऊच्या तासाला फोन तीनदा थरथरला. बाहेर जाऊन घेतला. युवराज विचारत होते, पांढरा शर्ट कुठाय. सांगितलं. दुसरा फोन, तो इस्त्रीचा नाही, दुसरा. तिसरा फोन, सापडला, थँक्यू. तेवढ्यात पद्मजा मॅडमनी सातवाहन संपवून टाकले. चूक माझी. शर्ट आदल्या दिवशी बाहेर काढून ठेवायला काय झालं होतं?

ही वही जेवणाच्या टेबलावर उघडी राहिली तरी भीती नाही. तन्वीला मराठी जोडाक्षरं वाचता येत नाहीत आणि आत्याबाईंना आता अक्षरंच दिसत नाहीत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे.

१२ सप्टेंबर

महालक्ष्म्या झाल्या. तीन दिवस तास बुडाले. सोळा भाज्या, पाच कोशिंबिरी, पुरणाचे दिवे. आत्याबाई म्हणत होत्या, "या वर्षी थोडक्यात करू गं, कशाला परेशान होतीस?" पण थोडक्यात म्हणजे नेमक्या कोणत्या भाज्या गाळायच्या यावर आमचं एकमत होईना, तेव्हा सगळ्याच केल्या. आलेल्या बायका म्हणाल्या, "एमए करतीय तरी बघा, काही कमी नाही." मला इतका आनंद झाला की मी त्यांना आणखी पुरण वाढलं.

मीनाने बुडालेल्या तासांचे फोटो पाठवलेत. तिच्या अक्षरापेक्षा सातवाहनांचे शिलालेख सोपे असतील.

१ ऑक्टोबर

पहिला निबंध परत मिळाला. गुण बरे. खाली पद्मजा मॅडमनी लाल शाईत लिहिलंय, 'मुद्दा चांगला आहे. प्रत्येक परिच्छेदात माफी कशासाठी?' मोजून पाहिलं. 'माझी समज अपुरी असेल, पण' चार वेळा, 'कदाचित मी चुकत असेन' तीन वेळा. मॅडमकडे गेले आणि म्हटलं, "सॉरी मॅडम." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पर्वालेदु जयवंता, चालायचंच." आणि हसल्या. मला काही ते हसणं नीट कळलं नाही.

तरीही लिहून ठेवते की तो निबंध लिहिताना दोन तास मला भूक लागली नाही आणि दारावरची बेल ऐकू आली नाही. दूध परत गेलं.

६ नोव्हेंबर

मीना दसऱ्यापासून येत नाही. फोन केला की 'उद्यापासून येते गं'. आज तास सुटल्यावर बरकतपुऱ्याला तिच्या घरीच गेले. दिवाळीची उरलेली शेव आणि चहा तिच्या सासूबाईंनी स्वतः आणून दिला. नवरा जाता जाता म्हणाला, "मी तर रोज म्हणतो, जा म्हणून." चांगली माणसं.

"मग अडलंय कुठे?" मी विचारलं.

"धाकट्याच्या शाळेची बस बंद झाली. सोडायला मीच जाते. दिराचा मुलगा शिकायला आलाय, त्याचं जेवण असतं. सासऱ्यांची शुगर तपासायची असते. फार काही नाही."

"घरातून विरोध आहे का?"

"विरोध असता तर बरं होतं." मीना कपबशीवरची शेव वेचत होती. "कोणी नको म्हटलं असतं तर मी भांडले असते, जयवंता. मला भांडता येतं. पण सगळे हो म्हणतात, आणि मग म्हणतात, फक्त आजच्या दिवस."

मी तिला चांगलं सुनावलं. वेळेचं नियोजन करायला हवं. ठामपणे सांगायला शिकायला हवं. घरच्यांना थोडी सवय लावायला हवी. मी बोलत असतानाच युवराजचा फोन आला की तन्वीच्या आधार कार्डाची झेरॉक्स सापडत नाही. त्यांना सांगितलं, कपाटाचा डावा कप्पा, हिरवी फाईल, तिसरं पाकीट, दोन प्रती आहेत, एक ठेवा. फोन ठेवून मी पुढचा मुद्दा सांगायला लागले तर मीना हसत सुटली. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले. इतकं हसण्यासारखं त्यात काय होतं, हे तिने सांगितलं नाही.

परत येताना ऑटोत वाईट वाटत राहिलं. हुशार बाई. पण चिकाटी कमी.

२८ नोव्हेंबर

तन्वीच्या इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजात पालकांची सभा. बाई म्हणाल्या, दुसऱ्या वर्षाला आईने घरी लक्ष दिलं पाहिजे. वडिलांबद्दल काही म्हणाल्या नाहीत. युवराज माझ्या शेजारीच बसले होते आणि मान हलवत होते. मीही हलवली. घरी येऊन तन्वी म्हणाली, "मम्मी, तू बस माझ्याबरोबर, मला नींद येते." म्हणून संध्याकाळी तिच्या फिजिक्सशेजारी मी माझं मध्ययुग घेऊन बसते. ती मला दर दहा मिनिटांनी काहीतरी विचारते. मला फिजिक्स येत नाही, त्यामुळे उत्तर द्यायला जास्त वेळ लागतो.

१० डिसेंबर

हजेरीची यादी लागली. हवी पंच्याहत्तर टक्के. माझी एकसष्ट. यादीसमोर उभी राहून मी आधी आजूबाजूला पाहिलं, कोणी ओळखीचं नाही ना म्हणून. मग लक्षात आलं की या इमारतीत पांढरे केस असलेली विद्यार्थिनी मी एकटीच. लपायला वाव नाही.

पद्मजा मॅडम म्हणाल्या, "पुढचे सगळे तास बसा. बाकी मी विभागप्रमुखांशी बोलते." आणि मग, "तुम्ही सोडू नका हं." सोडण्याचा विषय तर कोणी काढलाच नव्हता.

२८ डिसेंबर

एकही तास बुडवला नाही! ताप अंगावर काढला, पाहुणे अंगावर काढले. परीक्षेला बसायची परवानगी मिळाली. आत्याबाईंनी पुन्हा हातावर साखर ठेवली. चार पेपर आहेत, १९ ते २५ जानेवारी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखा लिहिल्या. चौकोनांत आधीच दुधाचे खाडे, गॅसचा नंबर आणि तन्वीच्या प्री-फायनल होत्या, म्हणून माझे पेपर कोपऱ्यात, पेन्सिलने.

४ जानेवारी

युवराज खूश होऊन घरी आले. आत्याबाईंच्या उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. तीन महिने त्या वाट बघत होत्या. "एकवीस जानेवारी," ते म्हणाले. "मी मुद्दाम तुझं टाइमटेबल बघून घेतली. त्या आठवड्यात तुला एकही तास नाही."

तास नाहीत, कारण परीक्षा आहे. एकवीसला दुसरा पेपर.

सांगितलं. त्यांचा चेहरा इतका पडला की मलाच कसंतरी झालं. "अगं, आधी सांगायचं ना! रद्द करू का? पण मग डॉक्टर मार्चपर्यंत नाहीत. मी रजा टाकून बघतो, पण नेमकं ऑफिसात इन्स्पेक्शन..." आतून आत्याबाई कोणाला तरी फोनवर सांगत होत्या की आता मी पोथी स्वतः वाचणार.

मी म्हटलं, "राहू द्या. एक पेपर पुढच्या वेळी देता येतो. आत्याबाईंना मात्र सांगू नका."

"नक्की?" त्यांनी दोनदा विचारलं. दोनदा विचारणारा नवरा किती जणींना मिळतो? कॅलेंडरवर पेनने, मोठ्या अक्षरात लिहायला मला काय झालं होतं कोण जाणे.

२१ जानेवारी

दवाखान्याच्या बाकावर. आत ऑपरेशन चाललंय. साडेदहाला पेपर सुरू झाला असणार. मी पर्स उघडून पाहिलं तर सवयीने दोन पेनं, पट्टी आणि हॉलतिकीट आणलं होतं.

नर्सने बाहेर येऊन नाव विचारलं. पेशंटचं विचारत होती, मी माझं सांगितलं.

२३ जानेवारी

तिसरा पेपर. दर दोन तासांनी आत्याबाईंच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालायचे होते, त्यातच जेवढा झाला तेवढा अभ्यास. प्रश्नपत्रिका हातात आली आणि डोक्यात थेंबांच्या वेळांखेरीज काही नाही. आजूबाजूची मुलं पुरवण्या मागत होती. एका तासाने उठले. पर्यवेक्षक म्हणाले, "अम्मा, बरं नाही का?" मी म्हटलं, "नाही, झालं लिहून." उत्तरपत्रिकेत अडीच पानं. त्यात माफी एकदाही मागितली नाही, एवढीच काय ती प्रगती.

२८ जानेवारी

पंचवीसच्या चौथ्या पेपरला गेले नाही. त्या दिवशी मला कोणी अडवलं नव्हतं, कोणाचं ऑपरेशन नव्हतं, शर्टसुद्धा सापडला होता. मी कपडे करून तयार झाले आणि खाटेवर बसून राहिले. हे मात्र सर्वस्वी माझं.

५ फेब्रुवारी

पद्मजा मॅडमचे दोन फोन आले, घेतले नाहीत. आज विद्यापीठात जाऊन नाव काढायचा फॉर्म आणला. त्यात एक रकाना, 'सोडण्याचे कारण (एका ओळीत लिहावे)'.

आधी लिहिलं 'आरोग्य', पण मी ठणठणीत आहे. मग 'कौटुंबिक', पण ते वाचून वाटेल घरच्यांनी छळलं. असं घर कुठे मिळेल? 'आळस' लिहावं असंही मनात आलं. खिडकीतला क्लार्क कंटाळून म्हणाला, "पर्सनल लिखो अम्मा. सब अम्मा लोगां वहीच लिखते."

त्याने मागचा गठ्ठा दाखवला. वरचे चार फॉर्म बायकांचेच. चारही 'वैयक्तिक'. त्यातला एक मीनाचा.

मीही लिहिलं.

१८ मार्च

तन्वीची परीक्षा चालू आहे. मी घरी. सगळं वेळेवर होतं. युवराज म्हणाले, "पुढच्या वर्षी नक्की हं. काय एवढं!" शेजारच्या रंजनावहिनी म्हणाल्या, "कशाला त्या वयात डोक्याला त्रास?" मी म्हटलं, "माझ्या डोक्याला कुठला त्रास, त्रास विद्यापीठाला." सगळे हसले. अलीकडे मी फार विनोदी झाले आहे.

दुपारी पुस्तकं माळ्यावर टाकली. खाली उतरले आणि शिडी न काढता तशीच बसून राहिले. किती वेळ, ते पाहिलं नाही.

२२ एप्रिल

आत्याबाईंचा दुसरा डोळाही झाला. आता त्यांना सगळं दिसतं, त्यामुळे घरातली धूळ वाढली आहे.

आज तन्वी आणि त्या बराच वेळ दार लावून बोलत होत्या. बाहेर आल्यावर आत्याबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझ्या त्या कॉलेजात पुन्हा नाव घालायचं असलं, तर कधी जावं लागतं गं?"

"जूनमध्ये, पाच तारखेपासून. का?"

"काही नाही. भजनातल्या एकीची नात विचारत होती."

२३ एप्रिल

सकाळी आत्याबाईंनी चहा पिता पिता जाहीर केलं, "मी वैशालीकडे पुण्याला जाते. तीन जूनचं तिकीट काढ युवराज. दिवाळीनंतर येते."

वैशालीवन्संकडे त्या चार दिवसांवर कधी राहिल्या नाहीत. तिथलं पाणी मिळमिळीत, भाजीत तिखट नाही, आणि आत्याबाईंनी 'हौ', 'नक्को' म्हटलं की सोसायटीतल्या बायका हसतात. मागच्या वेळी तिसऱ्याच दिवशी फोन आला होता, 'मला न्यायला ये.'

माझं काहीतरी चुकलं असणार. गेल्या आठवड्यात वरणात मीठ जास्त झालं होतं. त्यांच्यासमोर मोबाईल बघत बसते, तेही असेल. आता कुठे मला त्यांच्याकडे बघायला दिवसभर वेळ आहे, तर या निघाल्या. सून म्हणूनही मी एका ओळीचा फॉर्म भरायच्या लायकीची.

३० मे

आज आत्याबाईंची बॅग भरत होते. राहवलं नाही, विचारलंच. "आत्याबाई, माझ्यावर रागावून जाताय का?"

त्या बॅगेत लोणच्याची बरणी कशी उभी राहील ते बघत होत्या. "हौ, रागावले. ऑपरेशनच्या दिवशी तुझा पेपर होता, हे मला पोरीने एप्रिलात सांगायचं? माझा डोळा काय पळून चालला होता?"

मी हातातल्या साडीची घडी मोडून पुन्हा घातली.

"माझं सकाळचं अंघोळीचं पाणी, पोळी, औषधं, फिरवून आणणं. मी घड्याळ लावून बघितलंय, आता दिसतं मला. सव्वादोन तास. मी नसले की तेवढे सुटतात. पाच तारखेला जा आणि नाव घाल." मग जरा थांबून म्हणाल्या, "मला सातवीतून काढलं, तेव्हा पण कोणी नको नव्हतं म्हटलं बघ. म्हणाले, भाऊ जरा मोठा होईपर्यंत."

मी भांडं घासायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. भांडी घासून झालेली होती.

आणि तिथे उभी असताना मला राग आला. इतके महिने या वहीत मी स्वतःवर हसतेय, पण असा राग नव्हता आला. घरात चार माणसं. जागा करायला निघाली कोण, तर ती सत्तरीची, जिला तिकडचं पाणी गोड लागत नाही. आणि बाकी आम्ही बॅगेला कुलूप शोधतोय.

जेवायला सगळे बसले तेव्हा मी वाढलं नाही. बसले. माझा आवाज थोडा मोठा निघाला, कारण असं बोलायची सवय नाही.

"आत्याबाई कुठेही जाणार नाहीत. तिकीट रद्द करा. मी पाच तारखेला नाव घालणार आहे. सकाळी साडेआठला मी घराबाहेर. डबे आणि सकाळचा स्वयंपाक तुम्ही करायचा. आत्याबाईंची औषधं आणि फिरायला नेणं तन्वीचं. तासाला असताना माझा फोन बंद राहील. आणि परीक्षेच्या आठवड्यात मी घरात नाहीच, असं समजायचं."

तन्वीने घास तोंडाशी धरून ठेवला. युवराज म्हणाले, "अगं, पण मी कधी नाही म्हटलं का? मी तर पहिल्यापासून..."

"नाही म्हटलं नाहीत," मी म्हटलं. "तेच. आता नुसतं हो म्हणून चालणार नाही."

'माझं चुकत असेल, पण' असं पुढे जोडायची फार इच्छा झाली. पाण्याचा पेला उचलून सगळं पाणी पिऊन टाकलं.

आत्याबाई माझ्याकडे नवीन डोळ्यांनी टक लावून बघत होत्या. "मी जातेच ना," असं त्या एकदा म्हणाल्या, पण त्यात जोर नव्हता.

मग युवराजनी ताटातल्या वरणाकडे पाहिलं. एकवीस वर्षं रोज खाल्लेल्या वरणाकडे, आज कोणीतरी ओळख करून दिल्यासारखं. आणि घसा खाकरून विचारलं,

"कुकरला शिट्ट्या किती?"